मुलांना हेडिंग कधी शिकवायचं, आणि तोवर काय शिकवायचं

पत्र: मी दर शनिवार-रविवारी आठ ते बारा वर्षांच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवतो. मानधन घेत नाही. स्वतः कॉलेजात खेळलो आहे, त्या अनुभवावर शिकवतो. मागच्या दोन्ही मॅच आम्ही कॉर्नरवर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या किकवर हरलो, कारण बॉल हवेत आला की आमची मुलं मान खाली घालतात. पालक म्हणाले, हेडिंगची प्रॅक्टिस वाढवा. म्हणून हल्ली प्रत्येक प्रॅक्टिसच्या शेवटी एकेकाकडून वीस हेडर मारून घेतो. मी लांबून बॉल टाकतो, त्यांनी डोक्याने परत मारायचा. नऊ वर्षांची एक मुलगी बॉल जवळ आला की डोळे मिटून खाली बसते. बाकीची तिला ‘भित्री’ म्हणतात, परवा ती रडली. दहा वर्षांचा एक मुलगा मात्र बेधडक मारतो. गेल्या रविवारी प्रॅक्टिसनंतर त्याचं डोकं दुखत होतं, दुसऱ्या दिवशी बरा होता असं त्याच्या आईने सांगितलं. मुलांची भीती कशी घालवू? कोणतं ड्रिल घेऊ? काही पालक डोक्याला बांधायचे पॅडवाले पट्टे घ्यायचे का विचारतात. आम्हीही लहानपणी असंच शिकलो आणि आम्हाला काही झालं नाही.
– एक कोच

नमस्कार,

तुम्ही भीतीबद्दल विचारलं आहे, पण आधी मला त्या दहा वर्षांच्या मुलाबद्दल बोलायचं आहे. पत्रात तो ओझरता आलाय आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. बॉल डोक्याने मारल्यावर डोकं दुखणं म्हणजे मेंदूला हादरा बसल्याची खूण असू शकते. डॉक्टर त्याला कन्कशन म्हणतात. त्यासाठी मूल बेशुद्ध पडायलाच हवं असं नाही, बहुतेक वेळा ते शुद्धीवरच असतं, चालत-बोलत असतं. स्कॅनमध्येही बहुधा काही दिसत नाही. त्यामुळे ‘दुसऱ्या दिवशी बरा होता’ एवढ्यावर विषय संपवू नका. आजच त्याच्या आईवडिलांना फोन करा, नेमकं काय झालं, किती हेडर मारले, बॉल कुठे लागला ते सांगा, आणि डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय त्याला मैदानात घेऊ नका. पहिला हादरा पूर्ण बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर तो जास्त महागात पडतो. हा मुलगा बेधडक आहे, म्हणजे तो स्वतःहून थांबणार नाही. थांबवायचं काम तुमचं.

आईवडिलांना हेही विचारा: त्या दिवशी आणि नंतर तो चिडचिडा होता का, नेहमीपेक्षा जास्त झोपला का, उजेड किंवा आवाज नको म्हणत होता का, शाळेत लक्ष लागत नव्हतं का? लहान मुलांना ‘गरगरतंय’ असं नीट सांगता येत नाही, ती फक्त ‘कसंतरी होतंय’ म्हणतात. कोच म्हणून हे शब्द कानावर आले की मूल त्या दिवसापुरतं बाहेर. थोडं पाणी पिऊन, पाच मिनिटं बसून परत आत नाही. आणि वारंवार उलटी, फिट, हातापायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, एकाचे दोन दिसणं, मानेत दुखणं, वाढत जाणारी डोकेदुखी, गोंधळल्यासारखं बोलणं, शुद्ध हरपणं, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. हे तुमच्या सगळ्या पालकांना एकदा लेखी पाठवून ठेवा.

आता वीस हेडरचं. हे ड्रिल या आठवड्यापासून बंद करा. हळूहळू कमी करू, विसावरून दहावर आणू, असं नको. आठ-नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी ते पूर्ण बंद.

असं सांगणारा मी एकटा नाही. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्येच दहा आणि त्याखालच्या वयाच्या मुलांचं हेडिंग प्रॅक्टिसमध्येही आणि मॅचमध्येही थांबवलं. त्यापुढच्या, म्हणजे अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी त्यांनी सुचवलेली मर्यादा होती एका मुलामागे आठवड्याला जास्तीत जास्त पंधरा ते वीस हेडर. तुमची मुलं शनिवार-रविवार मिळून चाळीस मारतायत आणि त्यातली बरीचशी त्या वयाचीही नाहीत. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी फेब्रुवारी २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या प्रॅक्टिसमधून हेडिंग काढून टाकलं. पुढच्या वयांसाठी इंग्लंडमधले आकडे तर बघा: बारा वर्षांखालच्या गटाला महिन्यातून एकदा, जास्तीत जास्त पाच हेडर. तेरा वर्षांखालच्यांना आठवड्यातून एकदा, तेही पाचच. चौदा ते सोळाच्या गटांना आठवड्यातून एका प्रॅक्टिसला दहा. ज्या देशात हेडरवर मारलेले गोल पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी आहेत, त्या देशाचे हे आकडे आहेत. त्यानंतर इंग्लंडने मॅचमधलंही मुद्दाम केलेलं हेडिंग लहान गटांतून टप्प्याटप्प्याने काढायला घेतलं. २०२४-२५ च्या हंगामात नऊ वर्षांखालच्या गटांपर्यंत, आणि २०२६-२७ मध्ये अकरा वर्षांखालच्या गटापर्यंत हा नियम पोचवायचा असं ठरलं.

यामागे काय होतं? २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या आणि साधारण २३ हजार सामान्य लोकांशी त्या ताडून पाहिल्या. डिमेन्शियासारख्या, मेंदू झिजत जाण्याच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये साडेतीन पट निघालं. २०२१ मध्ये त्याच गटाने खेळाडूंच्या जागेनुसार आकडे मांडले, तेव्हा धोका सर्वांत जास्त डिफेंडरांना दिसला. क्वचित हेडर मारणाऱ्या गोलकीपरांमध्ये तो सामान्य लोकांपेक्षा खात्रीने वेगळा म्हणावा असा नव्हता. प्रामाणिकपणे सांगायचं तर हा अभ्यास आयुष्यभर खेळलेल्या व्यावसायिकांचा आहे, शनिवार-रविवारी खेळणाऱ्या मुलांचा नाही, आणि हेडिंगमुळेच हे झालं असा शिक्का त्यातून मारता येत नाही. म्हणून तुमच्या पालकांना घाबरवायला तो वापरू नका. पण फायदा जवळजवळ शून्य आणि धोका किती ते अजून पुरतं ठाऊक नाही, असा सौदा मुलांच्या डोक्यावर करायचा नाही, एवढं त्यातून नक्की घ्या.

‘आम्हाला काही झालं नाही’ हे वाक्य मी पुष्कळ कोचांकडून ऐकतो. तुम्हाला काही झालं नाही याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्यांना झालं ते आज मैदानाच्या कडेला उभं राहून मुलांना शिकवत नाहीत, त्यामुळे त्यांचं म्हणणं आपल्यापर्यंत येतच नाही. इंग्लंडकडून खेळलेले फॉरवर्ड जेफ अ‍ॅसल हेडरसाठी नावाजलेले होते. २००२ मध्ये ५९ व्या वर्षी ते गेले, आणि चौकशीत त्यांच्या मृत्यूचं कारण पेशातून आलेला आजार असं नोंदवलं गेलं.

मुलांच्या शरीराचं गणितही समजून घ्या. सहा-सात वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या जवळपास नव्वद टक्के झालेला असतो, पण मान आणि खांदे त्या मानाने कितीतरी मागे असतात. बारीक देठावर मोठं फळ, तसं. मोठा खेळाडू हेडर मारताना मान, खांदे आणि धड एकत्र ताठ करतो, त्यामुळे बॉलचा धक्का सगळ्या शरीरात वाटला जातो. लहान मुलाच्या मानेला ते जमत नाही, डोकं एकटंच मागे फेकलं जातं. त्यात बॉल कोणता वापरताय ते तुम्ही लिहिलं नाही. तो पाच नंबरचा असेल तर ४१० ते ४५० ग्रॅमचा, मोठ्यांचा बॉल आहे. आठ-नऊ वर्षांच्यांना तीन किंवा चार नंबर, दहा ते बाराला चार नंबर पुरे. हवाही मोजा. नियमात ८.५ ते १५.६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) एवढी सूट आहे, पण बहुतेक ठिकाणी बॉल दगडासारखा टणक होईपर्यंत पंप मारतात. मुलांसाठी खालच्या आकड्याजवळ ठेवा. हेडिंग नसलं तरी ठेवा, कारण तोंडावर, कानावर बॉल बसतोच.

पट्ट्यांबद्दल थोडक्यात: घेऊ नका. त्यांनी खरचटणं, कापणं थोडं वाचेल, पण मेंदू कवटीच्या आत हलतो ते त्यांना थांबवता येत नाही, आणि त्यांनी कन्कशन टळतं असं भरवशाने दाखवता आलेलं नाही. उलट पट्टा बांधला की मूल आणि पालक दोघंही निर्धास्त होतात. ते पैसे हलक्या बॉलवर घाला.

आता ती नऊ वर्षांची मुलगी. तिची भीती घालवायची नाही. लांबून येणारा जड बॉल बघून तिचं शरीर जे सांगतंय ते तिच्या वयाला बरोबर आहे. पापण्या मिटणं तर प्रतिक्षिप्त क्रिया आहे, बॉल लागतो त्या क्षणी मोठ्या खेळाडूंचेही डोळे मिटलेले पुष्कळ फोटोंत दिसतील. तिला घालवायचं आहे ते ‘भित्री’ हे नाव, आणि ते तुम्हीच घालवू शकता. पुढच्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर साध्या आवाजात सांगा की मी चुकीचं ड्रिल देत होतो, ते या वयाचं नाही, ते बंद. तिचं नाव घेऊ नका. मुलांना कोच जे गंभीरपणे घेतो ते कळतं, आणि चिडवणं बहुतेक तिथेच मावळतं. नाही मावळलं तर चिडवणाऱ्याला बाजूला घेऊन बोला, सगळ्यांत नको.

पण बॉल हवेत आला की मान खाली जाते, ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर काम करता येतं, डोक्याला बॉल न लावता. हवेतल्या बॉलचं नव्वद टक्के काम डोळ्यांचं आणि पायांचं आहे. तो कुठे पडणार हे ओळखायचं, तिथे वेळेवर पोचायचं आणि योग्य क्षणी उडी घ्यायची. हे सगळं हातांनी शिकवता येतं. मुलांना उंच फेकलेला बॉल उडी मारून डोक्याच्या वर, हात पूर्ण लांब असताना झेलायला लावा. सुरुवातीला ती सगळी बॉलच्या खाली जाऊन उभी राहतील आणि बॉल मागे पडेल. मग ‘एक पाऊल मागे थांब, बॉलकडे येत उडी मार’ एवढंच सांगा. चार-पाच प्रॅक्टिसमध्ये उडीची वेळ बसायला लागते. पुढे मोठेपणी हेडर मारताना हीच वेळ लागते, शरीर ती विसरत नाही. त्याच खेळात मोठ्याने ‘माझा!’ म्हणायची सवय लावा. हेडिंगमध्ये होणाऱ्या कन्कशनांपैकी बरीचशी बॉलमुळे होत नाहीत, दोन डोकी किंवा डोकं आणि कोपर आपटल्याने होतात. ‘माझा!’ ही हाक मुलांना त्यापासून वाचवते आणि तिला कुठलं वय लागत नाही.

दुसरा एक खेळ मला फार आवडतो. मऊ स्पंजच्या बॉलवर मार्करने चारही बाजूंनी वेगवेगळे आकडे मोठे लिहा. तुम्ही तो खालून हलकेच फेकायचा आणि मुलाने झेलायच्या आधी दिसलेला आकडा ओरडून सांगायचा. आकडा वाचायचा म्हटलं की मान आपोआप वर येते आणि डोळे बॉलवर खिळतात, ‘डोळे उघडे ठेव’ असं सांगावंच लागत नाही. त्या मुलीला आधी फेकणारी करा. बॉल फेकताना तिला समोरच्याचे डोळे, उडी, चुका सगळं दिसेल. दोन-तीन वेळा झालं की झेलायला तीच पुढे येईल, आणि नाही आली तरी बिघडत नाही. याच्या जोडीला छाती, मांडी आणि पायाने हवेतला बॉल थांबवणं शिकवा, त्यावर जितका वेळ घालवाल तितका थोडा. कपाळाला काही लावायचंच असेल तर फुगा. फुगा कपाळाने हवेत ठेवण्याचा खेळ आठ वर्षांची मुलं तासभर खेळतील, आणि कपाळाची नेमकी जागा त्यांना हसत-खेळत कळेल.

बारा वर्षांच्यांसाठी वेगळा विचार करा. त्यांना मॅचमध्ये हेडिंग करावं लागणार असेल, तर न शिकवता सोडणं हेही बरोबर नाही. पण तुमच्यासारखं लांबून बॉल टाकून कधीच नाही. आधी मुलाने बॉल दोन्ही हातांत धरायचा आणि स्वतःच्या कपाळाला, केस सुरू होतात त्याच्या थोडं खाली, सपाट हाड लागतं तिथे, हलकेच टेकवायचा. टाळूवर लागला की दुखतं, नाकाजवळ लागला की डोळ्यांत पाणी येतं, हा फरक त्याला हातातल्या बॉलनेच कळू दे. मग गुडघ्यांवर बसून, बॉल स्वतःच थोडा वर उडवून कपाळाने समोर ढकलायचा. बसलेलं असताना पायांचा जोर नसतो, त्यामुळे धड मागून पुढे कसं येतं ते मुलाला जाणवतं. हनुवटी गळ्याकडे, तोंड बंद, दात एकमेकांवर, म्हणजे जीभ चावली जात नाही आणि मान ताठ राहते. त्यानंतर उभं राहून, एक पाय पुढे, आणि जोडीदार दोन मीटरवरून खालून हलकेच बॉल देतोय. बॉल येऊन आपल्याला लागू द्यायचा नाही, आपण जाऊन बॉलला मारायचं. हे एक वाक्य पुरतं. उडी सगळ्यांत शेवटी, आणि एका बॉलवर दोन मुलं तर त्याहूनही नंतर. मोजून पाच झाले की त्या मुलाचं हेडिंग संपलं, छान जमत असलं तरी. छान जमतंय तेव्हा थांबवणं कोचला जड जातं, तरी थांबवा. मान बळकट करायला स्वतःचा तळहात कपाळावर ठेवून पाच सेकंद हलका दाब, मग दोन्ही बाजूंनी आणि मागून तसंच. डोकं हलता कामा नये. हे वॉर्म-अपमध्ये दोन मिनिटांत होतं.

पालक विचारतील की उशिरा शिकलं तर मुलं मागे पडणार नाहीत का. त्यांना सांगा की ज्या मुलाला बॉलची झेप ओळखता येते आणि उडीची वेळ कळते, त्याला बाराव्या-तेराव्या वर्षी हेडर मारायला फार वेळ लागत नाही. पण नवव्या वर्षी पायातला बॉल सांभाळायला शिकायचं राहून गेलं, तर ते नंतर भरून काढणं अवघड असतं. प्रॅक्टिसच्या शेवटचा जो वेळ तुम्ही हेडिंगला देत होतात, तो पहिल्या टचला, म्हणजे आलेला बॉल पहिल्याच स्पर्शात ताब्यात घ्यायला, आणि डाव्या पायाला द्या. मॅच त्याने जास्त जिंकाल, असं माझं ठाम मत आहे.

आणि कॉर्नर. लहान मुलांनी मारलेला कॉर्नर बहुतेक वेळा गोलसमोर एक टप्पा खातोच. त्या टप्प्याआधी बॉलवर झेपावणारी मुलं फसतात, आणि टप्पा पडल्यावर पहिला पाय घालणारी वाचतात. म्हणून तुमच्या डिफेंडरांना शिकवा: बॉल आणि गोलच्या मध्ये उभं राहायचं, टप्पा पडू द्यायचा, आणि मग पायाने लांब, बाहेरच्या बाजूला काढायचा. गोलकीपरला ‘माझा!’ म्हणून पुढे यायची सवय लावा, त्याला हात वापरता येतात. तुमचा कॉर्नर असेल तेव्हा शॉर्ट कॉर्नर खेळा, म्हणजे बॉल उंच न मारता जवळच्याच मुलाला पास द्या. गोलकीकही जवळच्याला जमिनीवरून द्या.

शक्य असेल तर पुढच्या मॅचआधी समोरच्या कोचशी बोला. या वयाच्या मॅचमध्ये कोणी मुद्दाम हेडर मारला तर दुसऱ्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल धरला जात नाही), एवढं आपापसात ठरवता येतं. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये लहान गटांना हाच नियम आहे. बरेच कोच लगेच हो म्हणतात, कारण त्यांनाही हाच प्रश्न पडलेला असतो. नाही म्हणाले तरी तुमच्या मुलांना सांगून ठेवा की बॉल डोक्यावरून जात असेल तर जाऊ द्यायचा. त्यातून एखादा गोल खाल. पालक विचारतील तेव्हा तुम्ही सांगितलंत म्हणून मुलांनी तसं केलं, हे त्यांना तिथेच, मुलांसमोर सांगा.